भागीसिस्टरची वही

भागीरथी गांगुर्डे मूळच्या देवळ्याच्या. पंचवटीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स, म्हणून सगळ्यांच्या भागीसिस्टर. इंजेक्शन दिलं की वहीत वेळ आणि सही, मगच पुढची खाट. बाई तोंडाच्या फटकळ, पण त्यांच्या वॉर्डात पेशंटला दुसऱ्यांदा हाक मारावी लागत नसे.

गेल्या वर्षी वॉर्डात कॉम्प्युटर आला. सगळ्या नोंदी त्यातच, वह्या बंद, असा अधीक्षक शेखर साहेबांचा आदेश निघाला. प्रशिक्षणाचे तिन्ही दिवस भागीसिस्टरांनी मागच्या बाकावर बसून स्वेटर विणला आणि वही गुपचूप चालूच ठेवली. कॉम्प्युटर सांभाळायची कंत्राटावरची सृष्टी. तिनं सकाळी आपला पासवर्ड टाकला की अख्खी पाळी तिच्याच नावावर चालायची. "सृष्टी, चार नंबरला इन्सुलिन दिलं गं, टाक तेवढं," असं भागीसिस्टर खाटेपासूनच ओरडायच्या, की पोरगी टाकायची. सगळ्याच वॉर्डांत असं चालायचं, आणि साहेबांना ते चांगलं ठाऊक होतं.

परवा ओरडायचं राहून गेलं.

चार नंबरला हरसूलचे पुंजाबाबा. दुपारी दीडला भागीसिस्टरांनी त्यांना इन्सुलिन दिलं, वहीत लिहिलं आणि पाळी संपवून घरी गेल्या. दोनला पुढच्या पाळीची नर्स वेदिका आली. कॉम्प्युटरात रकाना रिकामा, म्हणून तिनं सुई भरली.

"मघाच टोचलं की बाई," बाबा म्हणाले.

"कॉम्प्युटरमध्ये नाही बाबा," वेदिका म्हणाली आणि टोचलं. बोलता माणूस खोटा आणि रिकामा रकाना खरा! तासाभरात साखर उतरून बाबा घामानं भिजले, जीभ जड झाली, शुद्ध हरपली. ग्लुकोज चढवलं तेव्हा कुठे ते शुद्धीवर आले.

दुसऱ्या सकाळी नोटीस आली ती सृष्टीला. नोंद चुकवली, कंत्राट रद्द का करू नये? पोरगी औषधांच्या खोलीत जाऊन रडत बसली. भागीसिस्टरांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना रागच यायचा. वही काखेत मारून त्या तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"इन्सुलिन मी दिलं. सांगायला मी विसरले. हे बघा अक्षर, ही सही. वेदिकाचं तुम्ही बघून घ्या, पण सृष्टीचा यात काडीचा संबंध नाही."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "सिस्टर, निवृत्तीला तुमचे आठच महिने राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला काय, दुसरीकडे मिळेल नोकरी."

"माझी मूठ झाकायला त्या पोरीचा गळा कशाला दाबता?"

साहेबांचा चेहरा उतरला. "वह्या बंद करायचा आदेश होता ना?"

"होता. मी मानला नाही. चौकशीत तेही लिहा. आणि एका पासवर्डावर अख्खी पाळी चालते हे तुम्हाला माहीत होतं, तेही लिहा. नाहीतर मी लिहिते."

नोटिशीवरचं नाव संध्याकाळच्या आत बदललं.

सकाळी भागीसिस्टर कॉम्प्युटरसमोर बसल्या. "सृष्टी, तुझं नाव काढ यातून. माझं कसं घालायचं ते दाखव. आणि वही मी सोडणार नाही, कोणाला सांगायचं त्याला सांग."

एका बोटानं नाव टाकायला त्यांना पाच मिनिटं लागली. दुपारी त्यांनी चार नंबरला इन्सुलिन दिलं, वहीत लिहिलं, कॉम्प्युटरात टाकलं.

"आता त्याला सांगितलं ना बाई?" पुंजाबाबांनी विचारलं.

"सांगितलं बाबा. माझ्या नावानं."