सील शाबूत

धान्याच्या गोदामात एकतीस वर्षं पोत्यांना सील ठोकून सीलकाका निवृत्त झाले, पण त्यांचे हात काही निवृत्त झाले नाहीत. साखरेच्या डब्याला दोरा, औषधाच्या कपाटाला लाख. अख्ख्या गल्लीत त्यांचा भरवसा एकाच माणसावर होता आणि तो दाढी करताना आरशात दिसायचा. त्याच्याकडेही ते जरा तिरकंच बघायचे.

घरात ते आणि थोरली बहीण, ताई, दोघंच. वर्षापूर्वी ताईला कावीळ झाली आणि यकृत नाजूक होऊन बसलं. डॉक्टर म्हणाले, "पाणी उकळून द्या, भरपूर द्या." झालं, काकांना नवं गोदाम मिळालं! नळाचं पाणी पाऊण तास रटरट उकळायचं, निम्मं आटलं की गाळून पिंपात ओतायचं. झाकणाला दोरा, गाठीवर लाख, लाखेवर अंगठीचा ठसा. पिंपाच्या तोटीतून पेला भरून, समोर उभं राहून, ताईला रोज आठ पेले पाजायचे.

"मी घरात आहे की तुरुंगात?" ताई विचारायची.

"तुरुंगात पाणी उकळून देत नाहीत," काका म्हणायचे.

आणि एवढं करूनही ताईला पुन्हा उलट्या सुरू झाल्या. पोटात कळा, अन्नावरची वासना गेलेली. काकांनी आधी दूधवाल्याला धरलं. मग शेजारीण चोरून भजी पुरवते असं ठरवून ताईच्या उशीखाली हात घालून पाहिला. तिथे चष्म्याचं घर निघालं. उकळत्या पाण्याला आठवडाभर बंद तळघरासारखा कुबट वास येत होता. त्याचा आळ त्यांनी गॅसच्या नळीवर घेतला आणि नळी बदलली.

अशात एका सकाळी दवाखान्यातली नर्सबाई दारात आली.

"काका, नळाचं पाणी पिऊ नका. ते ज्या तळ्यातून येतं, त्यावर विषारी शेवाळ माजलंय. दुपारी टँकर येईल."

"आम्ही उकळतो. पाऊण तास."

"तेच करू नका! उकळून जंतू मरतात, हे विष नाही मरत. उलट शेवाळ फुटून होतं नव्हतं ते पाण्यात उतरतं. पाणी आटवलंत की आणखी दाट. सरळ यकृतावर जातं ते."

काकांनी डोळे बारीक केले. "टँकरवाला तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही. माझा नवरा शिंपी आहे."

"मग टँकरची ताडपत्री तो शिवत असेल."

नर्सबाईने कपाळाला हात लावला. "घरात कोणाला उलट्या?"

"नाही."

"आहेत म्हणून सांग की रे!" आतून ताईचा आवाज आला. "मी अजून मेले नाहीये!"

नर्सबाई आत गेली, ताईचे डोळे पाहिले, "आजच रक्त तपासा" असं लिहून दिलं आणि पुढच्या दाराला गेली. काका पिंपासमोर येऊन उभे राहिले. दोरा जागच्या जागी, लाख अखंड, ठसा स्वतःचाच. गोदामात नव्या माणसांना ते एक गोष्ट घोकायला लावायचे: सील शाबूत असून माल खराब निघाला, तर चोर बाहेर शोधू नका. घोळ सील लागण्याआधीचा असतो.

आणि सील लागण्याआधी या पाण्याला हात लावणारा माणूस जगात एकच होता.

तरी खात्री हवीच. ते तडक तळ्यावर गेले. काठाशी कोणीतरी हिरव्या रंगाचे डबे उपडे केले असावेत, तसा जाड थर. काठी बुडवून वर काढली तर ती मुठीपर्यंत रंगलेली, आणि वास... तोच. त्यांच्या स्वयंपाकघरातला, पाऊण तास उकळलेला. दिवसाला आठ पेले, स्वतःच्या हाताने.

घरी आल्याबरोबर त्यांनी पिंप मोरीत उपडं केलं.

"अरे, तहान लागलीय मला," ताई म्हणाली.

"थांब," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली होता. "मीच तुला विष पाजत होतो, ताई."

ताई उठून बसली. "बरं झालं कबूल केलंस. बिचारा दूधवाला सुटला."

दुपारी ते ताईला रिक्षाने रक्ततपासणीला घेऊन गेले, येताना टँकरचं पाणी आणलं. अर्थात, टँकरच्या झाकणावर चढून आत डोकावल्याशिवाय कॅन भरला नाही. रिपोर्टमध्ये यकृताचे आकडे चढलेले निघाले. पण डॉक्टर म्हणाले, पाणी आजच बंद झालंय ना, मग उतरतील. दर आठवड्याला दाखवा.

संध्याकाळी काकांनी लाख वितळवली. ताईने कपाळाला आठ्या घातल्या. "परत पिंपाला?"

"नाही," काका म्हणाले, आणि नळाच्या तोटीला दोरा आवळून त्यांनी त्यावर अंगठीचा ठसा दाबला.