"मेल खाली ऐत्री"

मॅडमचा फोन आला तवा लेक मांडीवर दूध पीत हुती आन् एका हातानं मी लॅपटॉपचं झाकण धरून बसलेली, कारण ते आपोआप मिटायचं. बेळगावातल्या एका बारक्या ऑफिसात दुकानांची वेबपेजं बनवायचं काम हुतं. बारावी अर्ध्यात सोडलेल्या बाईला कोण घेतंय? पर या मॅडमनी एक पान बनवायला दिलतं. त्याचा कोड, म्हंजे कॉम्प्युटरला सांगायच्या ओळी, रंगासकट मेलमधीच चिकटवून धाडायचा. फाईल जोडायची न्हाय, त्यांच्यात उघडत न्हाय. आन् चारच्या आत. चारनंतर दुसरीला घेणार.

मी साडेतीनलाच धाडला. कोड लिवायच्या जागी माझी पाटी काळी, त्यावर पांढरी अक्षरं, कंस तेवढे पिवळे. कॉपी केलं, मेलात पेस्ट केलं, काळ्या पाटीसकट आलं. लई झकास दिसत हुतं.

हात मोकळा न्हाय म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. मॅडम मराठी-कन्नड मिसळून बोलायच्या. म्हणाल्या, "तुमची मेल खाली ऐत्री."

मी म्हटलं, "व्हय मॅडम, खालीच हाय." मीच वर लिवलं हुतं की, नमस्कार, कोड खाली हाय.

त्यांनी इचारलं, "खालीच पाठवलं?"

"व्हय, मुद्दामच. वर नमस्कार घातलाय न्हवं."

"हुं," म्हणाल्या आन् फोन ठेवला.

माझं माहेर निपाणीकडचं, शाळा मराठी. लग्न हून बेळगावातल्या अनगोळात आले तरी कन्नड नुसतं कानावरनं जातंय. मला वाटलं, बघितला त्यांनी, सुटले. शेजारच्या आक्का आमच्या उंबऱ्यात डाळ निवडत हुत्या, त्यांच्या घरात कन्नडच. त्या हसायलाच लागल्या. "अगं येडे, खाली म्हंजे रिकामं! ती म्हणती मेल रिकामी हाय, आन् तू म्हणतीस व्हय, मुद्दामच!"

मी घड्याळ बघितलं. पावणेचार झालेले. माझ्यात तर सगळं दिसतंय, मग रिकामी कशी? आक्कांच्या मोबाइलात मेल उघडायचं ॲप दुसरं हुतं. तिथं धाडून बघितलं. वर नमस्कार, त्याच्याखाली पांढरंफेक. दोन-चार कंस तेवढे पिवळट, कापडावर हळदीचा डाग उरल्यागत. भ्यानं माझं बोट तिथंच दाबून ऱ्हायलं, तशी निळी पट्टी पसरली आन् तिच्यात माझ्या ओळी उठल्या. हुत्या की सगळ्या! काळी पाटी तेवढी वाटंत गळाली हुती. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार?

लेक रडायला लागली. आक्कांनी उचलली. "मग पाटीच पांढरी कर की."

"तसं हुतंय व्हय आक्का?"

"मला काय इचारतीस? भाकरीचं इचार."

लेकीच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून मीच ती पाटी काळी केल्ती. कुठनं केल्ती ते आठवंना. इकडं दाब, तिकडं दाब. घावलं एकदाचं. पाटी पांढरी, अक्षरं निळी, तांबडी, काळी. परत कॉपी, परत पेस्ट. पयल्यांदा आक्कांच्या मोबाइलात धाडलं. अक्षराचं वळण बदललेलं, पर ओळ न् ओळ वाचता येत हुती. मग मॅडमना. चाराला दोन मिन्टं.

पयला फोन उचलला न्हाय. दुसरा उचलला, स्पीकर चालूच हुता.

"मॅडम, मघाशी मला खाली म्हंजे... म्हंजे आमच्यात खाली म्हंजे... परत धाडलाय, एकडाव बघा."

टकटक ऐकू आली.

"ही सातवी ओळ कुणी सांगितली?"

"कुणी न्हाय मॅडम. चुकत चुकत जमली."

"बरोबर ऐती. सोमवारी या." मग म्हणाल्या, "रडतंय कोण?"

"माझीच लेक."

"तिला कुठं ठेवणार?"

ते मी इचारच केला नव्हता. "घरनं काम केलं तर चालंल का?"

"पहिला आठवडा ऑफिसात. मग बघू."

मी व्हय म्हणून बसले. फोन ठेवला आन् वळले तर लेक आक्कांच्या खांद्यावर डोळे मिटायला लागलेली. आक्का माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "एकच आठवडा हं."