तरोट्याची कॉफी आणि पहिली कढई

आधीच सांगते, माझे शुद्धलेखन चांगले नाही. वेलांटी पहिली का दुसरी ते मला कधी कळले नाही, आणि अक्षर तर असे की माझे मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यातही गुरुजींचा अर्धा वेळ उर्दूत जायचा. हे कोणाच्या हाती पडलेच तर वाचणाऱ्याने माफ करावे. एखादा शब्द लागला नाही तर सोडून पुढे जावे.

लिहायचे कारण एवढेच. परवा शेजारची नवी सून चार बायकांत मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडची कॉफी लई चांगली लागती. पोटात जळजळ न्हाई का काही न्हाई. कशी करता, सांगा की." मी म्हणाले, "अशीच करते," आणि उठून आत आले. चार माणसांत बोलणे मला जमत नाही. आत येऊन वाटले, हिला सांगणे तर होणार नाही, निदान लिहून तरी ठेवावे. पण कॉफी लिहायची तर ज्या दिवशी ती पहिल्यांदा केली तो दिवसही लिहावा लागतो.

आमचे मालक गेले त्या वर्षाची गोष्ट. निजामाचे राज्य जाऊन थोडे दिवस झाले होते, पण त्याचा हाली शिक्का, म्हणजे निजामी रुपया, अजून बाजारात चालत होता. मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. दिवाळीनंतर तापाने पडले ते उठले नाहीत. आम्हाला मूल नव्हते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मस्तगड भागात एका मारवाडी घराच्या माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. त्यात मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, एवढीच माणसे उरली.

मी रडले नाही. बायका म्हणाल्या, हिला रडवा, न्हाई तर डोक्यात जाईल. माझ्या नणंदेने मला दोन्ही खांदे धरून हलवले. मला कळत होते की ती हलवते आहे. त्यापलीकडे काही कळत नव्हते. पाणी भरायचे, झाडायचे, परत पाणी भरायचे. बादली जड आहे का हलकी, हेही हाताला समजत नव्हते.

मामंजी कापसाच्या आडतीवर मापाडी होते. सगळा जन्म काट्यापाशी उभे राहून गेला. मापाडी एक म्हणत नाहीत, पहिल्या मापाला लाभ म्हणतात. मुलगा गेल्यापासून ते बाजेवर बसून तेच म्हणायचे. "लाभ, दोन, तीन, चार..." वीसपर्यंत जायचे आणि परत लाभ. जेवण बंद. सुतकात शेजारणी आळीपाळीने पिठले-भाकरी आणायच्या, ती तशीच राहायची. चहाची किटली मात्र रिकामी व्हायची. दिवसभर नुसता काळा चहा. मग उलटी, हातांना कापरे, आणि डोळ्याला डोळा नाही. कप धरला की अर्धा चहा धोतरावर.

सुतक फिटले, तरी आमच्या घरात कढई चढली नाही. त्याचे असे आहे. आमच्यात माणूस गेले की कढई धुऊन खुंटीला पालथी टांगतात. ती परत चुलीवर ठेवायची ती विधवेच्या माहेरच्या माणसाने. भाऊ तेल घेऊन येतो, चार पुऱ्या तळून घेतो, आणि बहिणीला आपल्याबरोबर नेतो. ज्याच्या नावाने पहिली कढई चढेल त्याच्या आश्रयाला तिने पुढे राहायचे, असा रिवाज. माझा भाऊ जाफराबादकडे शेती करायचा. त्याने निरोप पाठवला, "कापसाची वेचणी चालू हाय, उरकली की येतो, अन् तिला घेऊन जातो."

मला जायचे नव्हते. भावाकडे वाईट होते असे नाही. भावजय बोलायला तिखट, पण उपाशी ठेवणारी नव्हती. मात्र मी गेले की मामंजींपाशी कोणी उरणार नव्हते. नणंदेच्या घरी तिची सासू अंथरुणाला खिळलेली, ती बापाला नेऊ शकत नव्हती. ते एकटे राहिले असते तर जगले नसते, हे सगळ्यांना दिसत होते. आणि त्यांचे काही बरेवाईट झाले की मलाही त्या माडीवर जागा नव्हती. मी माया म्हणून सगळे केले असे म्हणणार नाही. तेव्हा माया वगैरे काही जाणवतच नव्हते. त्यांनी जगावे एवढे मला पाहिजे होते.

डॉक्टरांना बोलावले. ते म्हणाले, "यांचा चहा आजपासून बिलकुल बंद. काही पाहिजेच असेल तर दुधातली पातळ कॉफी द्या. दूध तरी पोटात जाईल." कॉफी त्या दिवसांत आमच्याकडे कोणाच्या घरात असायची? स्टेशनकडच्या एका दुकानात हैदराबादहून डबे येत. डॉक्टरांचे पैसे, औषध आणि तो डबा, यासाठी मी खाली घरमालकिणीकडे गेले. त्यांना सगळे काकीजी म्हणायचे. दारात पदर चाळवत उभी राहिले. काकीजीच म्हणाल्या, "बोल ना बहू, पैसे चाहिए? कित्ते?" मी दोन्ही पंजे दोनदा दाखवले. त्यांनी वीस हाली रुपये माझ्या पदरात टाकले आणि म्हणाल्या, "मुँह में जबान है के नहीं तेरे?"

कॉफी आली, पण मला ती करता येत नव्हती. मी चहासारखी खळखळा उकळली, रंग यावा म्हणून भुकटीही जास्त टाकली. मामंजींनी ती घेतली, कारण चहा नव्हताच. त्या दिवसापासून हातांचे कापरे वाढले आणि लाभ-दोन-तीन आणखी जोरात सुरू झाले. पोट तसेच जळत राहिले. डबा महाग आणि गुण उलटा.

मग मला आईची आठवण झाली. आई जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. आमच्या गावी ती तरोट्याच्या बियांची कॉफी करायची. तरोटा म्हणजे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला उगवतो तेच तण. कोवळ्या पानांची भाजी करतात, आणि शेंगा वाळल्या की कोणी विचारत नाही. आई त्या बिया भाजून कुटायची आणि वडिलांना दुधात द्यायची. वडील ती पिऊन दुपारचे झोपायचे. एवढेच मला आठवत होते.

कुंडलिका नदीच्या काठाने वाळलेला तरोटा उभा होता. ओटीभर शेंगा तोडून आणल्या, बडवल्या, पाखडल्या. प्रश्न भाजायचा होता. कढई खुंटीला पालथी. मी आधी तव्यावर भाजून पाहिले. तरोट्याचे बी तापले की तडतडते आणि उडते. अर्धे चुलीत गेले. मग फुटक्या माठाचे खापर घेतले, तर तळाचे बी जळून कोळसा आणि वरचे कच्चे. ती कॉफी मामंजींनी एक घोट घेऊन थुंकली. त्या दिवशी त्यांनी परत चहा मागितला. मी दिला नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेतले नाही.

तेव्हा मी कढई काढली. फार विचार केला असे नाही. स्टुलावर चढले, कढई उतरवली, पदराने पुसली आणि चुलीवर ठेवली.

मंद आच ठेवली. बिया हलवत राहायचे, हात थांबवायचा नाही. आधी तडतड होते, ती थांबली की बी फुगते आणि तांबूस होते. त्याच्या पुढे जाऊ द्यायचे नाही, नाही तर कडू. खमंग वास सुटला आणि जिन्याने खाली गेला. पहिल्यांदा काकीजींची हाक आली, "बहू, क्या जला?" आणि तेवढ्यात नणंद आली. ती रोज दुपारी बापाला बघायला यायची. दारातच थांबली.

"हे काय?" ती म्हणाली. "कढई कोणी चढवली?"

मी हलवत राहिले.

"अगं, तुला विचारून राह्यले मी! माझा भाऊ जाऊन महिना झाला न्हाई, अन् तुला तळण सुचलं? भजे करून राह्यली का?"

"बिया आहेत," मी म्हणाले. ते तिला ऐकू गेले का नाही कोण जाणे.

काकीजी धापा टाकत वर आल्या. मागे आणखी दोघी. एक म्हणाली, "भावाची वाट तरी बघायची बाई." दुसरी म्हणाली, "बोलत न्हाई म्हणून गरीब वाटती, बघा." काकीजींनी कढईत वाकून पाहिले. "ये तो घास का बीज है रे," त्या म्हणाल्या.

नणंद आता रडायला लागली होती. "कोणाच्या नावानं चढवली सांग. कोणाला विचारलं?"

"मला इचारलं."

मामंजी बाजेवर उठून बसले होते. सगळ्या तिकडे वळल्या. मी त्यांना काहीच विचारले नव्हते.

"दादा, तुम्ही?" नणंद बापाला म्हणाली.

"म्याच सांगितलं. माझ्या नावानं चढली कढई. आता वरडू नको, डोकं उठलं माझं."

"मंग तिच्या भावानं काय करायचं? तो येणार हाय ना तिला न्यायला."

"त्यानं कापूस वेचावा," मामंजी म्हणाले.

काकीजींना हसू आले, ते त्यांनी पदरात दाबले. नणंदेने डोळे पुसले. मग माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "दे इकडं ती उलथनी, करपून जाईल." उरलेल्या बिया तिने भाजल्या.

पुढची कृती लिहिते. भाजलेल्या बिया पूर्ण गार होऊ द्याव्यात, मग कुटून वस्त्रगाळ कराव्यात. त्यात चिमूटभर सुंठ आणि थोडे किसलेले जायफळ. त्या पहिल्या वेळी मी डब्यातली खरी कॉफीही चमचाभर मिसळली, नुसती वासासाठी. ती हवी तर घालावी, नाही तर नाही. पाणी उकळले की खाली उतरवून मग भुकटी टाकायची. चुलीवर उकळायची नाही, ही माझी पहिली चूक होती. झाकून ठेवले की गाळ बसतो. फडक्याने गाळून घ्यावे. दूध वेगळे तापवावे. गूळ घालायचा तो कपात, सगळ्यात शेवटी. गूळ घालून दूध उकळले तर नासते. साखरेपेक्षा गुळाने पोटाला बरे पडते, आणि साखर तेव्हा आम्हाला मिळत तरी कुठे होती.

मामंजींनी कप हातात घेतला. थोडी सांडली. एक घोट घेऊन म्हणाले, "ही डब्यातली न्हाई."

मी मान हलवली.

"चांगली हाय," ते म्हणाले. मग आणखी एक घोट घेऊन, "भाकर हाय का एखादी?"

मी भाकरी कॉफीत कुस्करून दिली. लोक म्हणतात तसे त्या वेळी माझे डोळे भरून यायला पाहिजे होते. आले नाहीत. मी वाटी धुतली आणि कढई घासली. ती परत टांगायची नव्हती, म्हणून चुलीपाशी उपडी ठेवली. ती तिथे ठेवताना एकदम हात भाजल्याचे लक्षात आले. किती वेळापूर्वी भाजला होता देव जाणे.

भाऊ वेचणी उरकून आला. मामंजींनी त्याला कॉफी पाजली आणि झाले ते सांगितले. त्याने कप खाली ठेवला. मग तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "तेल तरी ठेव, अक्का." संध्याकाळच्या मोटारीने तो एकटाच परत गेला.

काकीजींचे वीस रुपये राहिले होते. मी त्यांच्याकडे पापड लाटायला आणि मुगाच्या मंगोड्या, म्हणजे सांडगे, घालायला जाऊ लागले. मजुरीतले थोडे त्या कापून घ्यायच्या, थोडे हातावर ठेवायच्या. मामंजी भाकरी खाऊ लागले, मग जिना उतरू लागले. पुढे आडतीवर नुसते बसायला म्हणून जात, आणि तिथले शेटजी त्यांना थोडेफार देत. कापरे हळूहळू गेले. चहा त्यांनी परत मागितला नाही. तरोटा मी दर वर्षी आणते. आता नणंदही एक पिशवी नेते.

हाली शिक्का बंद झाला आणि सगळीकडे कलदार, म्हणजे हिंदुस्थान सरकारचा रुपया, आला. शेवटच्या हप्त्यासाठी साठवलेले रुपये मी मामंजींपुढे ठेवले, कारण मोजण्यात मी चुकते. त्यांनी एकेक उचलून बाजेवर ठेवला. "लाभ, दोन, तीन..." हात कापत नव्हता. पाचावर रुपये संपले, तसे तेही थांबले.

मी ते खाली नेऊन दिले. काकीजींनी हिशोब केला आणि एक रुपया माझ्याकडे परत सरकवला. "मैंने हाली दिए थे," त्या म्हणाल्या. "तू कलदार दे रही है. हाली हलका होता है, बावळी." मी घेईना, तेव्हा त्यांनी माझी मूठ उघडून त्यात ठेवला. "बस. पूरे हो गए. अब एक पैसा बाकी नहीं."

वर आले तेव्हा मामंजी कॉफीची वाट बघत बसले होते.

"किती राह्यले?" त्यांनी विचारले.

"काहीच न्हाई," मी म्हणाले. "सगळे फिटले."