तिसरं नख

आमच्या मोटरसायकलच्या मिस्त्रींच्या डाव्या हाताची नखं लाल असतात. गल्लीतले टवाळखोर त्यांना ‘नेलपॉलिश’ म्हणतात, तेही तोंडावर. मिस्त्री हसतात. मला मात्र राग येतो, कारण त्या नखांची किंमत मला कळलीय.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक मारायला कायमची बंदी घातली. गाडी वीस वर्षांची, सगळी मदार सेल्फवर, आणि नेमका तोच रुसला. बटण दाबलं की नुसती घरघर, इंजिन ढिम्म. दोन गॅरेजवाल्यांनी नव्या बॅटऱ्या गळ्यात मारल्या, फरक शून्य. शेवटी दादाने सांगून टाकलं, “रविवारपर्यंत चालू झाली तर ठीक, नाहीतर भंगारात.” बाबा गाडीवरची धूळ पुसत राहिले. पण गाडी गेली की हा माणूस खुर्चीला खिळणार, हे मला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं.

मिस्त्रींनी एकदाच बटण दाबून कान लावला. “मोटर फिरतेय, इंजिनाला पकडत नाही. स्टार्टर क्लच झिजलाय. बॅटरीचा काय दोष?”

तेल काढलं, झाकण उघडलं, मॅग्नेटचं जडशीळ चाक ओढून बाहेर काढलं. त्याच्या पाठीवर तो क्लच, तीन बोल्टांनी आवळलेला. आतला एक रोलर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. “बोट फिरव. एका बाजूने चपटा झालाय ना? मग धरणार कसा?”

नवे रोलर, नव्या स्प्रिंगा बसल्या. मग बोल्ट. प्रत्येकाला गोंद लावायचा, आवळायचा, डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि तस्साच ठिपका आपल्या नखावर. मी हसलो, तर म्हणाले, “बोल्ट झाकणाआड जातो रे. नख डोळ्यासमोर राहतं.”

मी मुलखाचा उतावळा. “मामा, अजून किती वेळ?” असं मिस्त्रींना तीनदा तरी विचारलं असेन.

सगळं बंद झालं, तेल भरलं. बाबांनी बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात धडधडली. बाबा इतके हसले की माझेच डोळे भरून आले. ते हेल्मेट चढवत होते. मिस्त्री फडक्याने हात पुसता पुसता थबकले.

“बंद करा.”

नखं दोनच लाल होती.

“अहो मामा, चालू झालीय ना!”

“आज झालीय.”

पुन्हा तेल काढलं, पुन्हा झाकण उघडलं. दीड तास गेला. मॅग्नेट उलटा करून त्यांनी तिसरा बोल्ट चिमटीत धरला. तो नुसत्या बोटांनी फिरला.

“आत सुटला असता तर इंजिनाचा चुराडा केला असता,” ते म्हणाले. म्हणजे भंगारच.

“मामा, माझंच चुकलं. मीच मध्ये बोललो.”

त्यांनी मान वर केली नाही. “तू बोललास. पण पाना माझ्या हातात होता.”

गोंद, आवळणी, ठिपका. सगळं पुन्हा बंद केल्यावर त्यांनी तिन्ही नखं बाबांसमोर धरली. “आता जा खुशाल.”

बाबा गाडीवरून कोपऱ्यापलीकडे दिसेनासे झाले. मिस्त्रींनी लगेच दुसरी गाडी पुढे ओढली. आभार मानायला मी तोंड उघडलं, तर त्यांच्या हातात पाना होता. आधी नख रंगू दिलं, मग बोललो.