बटणवाली

तडतडी कॉलरवर वाफ सोडत होती आणि त्याच दमात कॅप्टनचा उद्धार करत होती.

"पळाला बघ मेला! दोन हजार माणसं वाऱ्यावर सोडून पहिल्या होडीत जाऊन बसला. आणि बसला तोही कसा, कोटाची इस्त्री न मोडता!"

लाँड्रीतली बाकीची अकरा माणसं खो खो हसली. भिंतीवरच्या टीव्हीत सकाळपासून तोच फोटो चालू होता. परवा संध्याकाळी सहलीचं मोठं जहाज खडकाला घासलं आणि आडवं झालं. एकतीस माणसं गेली, चौदा सापडत नव्हती. न सापडणाऱ्यांत कॅप्टन. आणि कुणीतरी फोनवर हा फोटो काढून ठेवला होता: पाण्यात उतरलेली पहिली होडी, केशरी जाकिटांची दाटी, मधोमध पाठमोरा एक माणूस, पांढरा कोट, खांद्यांवर चार सोनेरी पट्ट्या. चार पट्ट्या म्हणजे कॅप्टन, हे दोन दिवसांत शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. आता तो किनाऱ्यावर कुठंतरी लपून बसलाय, असं सगळे म्हणत होते.

तापलेल्या इस्त्रीवर थेंब पडला की जसा उडतो तशी ही बाई बोलायची, म्हणून तडतडी. वय अडतीस. उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. त्यातला कुठला कधीचा हे तिला विचारा, महिन्यासकट सांगेल. नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेला. "मी चादरींचा ढीग संपवून मान वर केली तेव्हा कळलं, हा गेलाय," असं ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची. घरी म्हातारे आप्पा. जीभ तिखट, पण लाँड्रीतल्या कुणाला बाहेरचा काही बोलला तर ही आधी पदर खोचणार.

कॅप्टनवर तिचा जुना डूख होता. मागच्या वर्षी त्याच्या कोटाचं एक बटण लोंबकळत गेलं. त्यानं तक्रार लिहून पाठवली. मालकानं तिला आठवडाभर घरी बसवलं. तेव्हापासून जहाजाचे कपडे आले की ती कॅप्टनची नक्कल करायची. हात मागे, मान ताठ, डोळे बारीक करून बटणाकडे बघणं. सगळे काम टाकून बघत राहायचे.

त्याच दिवशी दुपारी वाहिनीची पोरगी माइक घेऊन आली.

"तुम्हीच ना जहाजावरच्या साहेबांचे कपडे करता? कसा होता माणूस?"

घडीवाला दादा मागून हळूच म्हणाला, "तडतडे, जपून हां."

पण माइक समोर आल्यावर ती कसली जपतेय! "कसा असणार? बटण तुटलं तर आभाळ कोसळल्यासारखं करणारा माणूस आहे तो. जहाज फुटलं तेव्हा मात्र पायाला पाय लावून पळाला. बटणाएवढीही किंमत नाही केली माणसांची!"

झालं. ते वाक्य रात्रीत घरोघरी गेलं. दुसऱ्या दिवशी कॅप्टनच्या घराच्या फाटकावर कुणीतरी मूठभर बटणं फेकली. तिसऱ्या दिवशी पिशवीभर. लोक पाकिटात बटण घालून त्याच्या पत्त्यावर पाठवायला लागले. कॉलेजची पोरं शर्टाला एक बटण मुद्दाम लोंबतं ठेवून फिरायला लागली. लाँड्रीत गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "बटणवाली कोण हो तुमच्यात?" आणि मालक, ज्याला नवा दिवा लावायचा तरी जिवावर यायचं, त्यानं स्वखर्चानं पाटी रंगवली: इथे बटणं घट्ट शिवून मिळतील.

आप्पा म्हणाले, "पोरी, टीव्हीत बरी दिसलीस. पण त्या माणसाचं अजून काही कळलं नाही ना? कळू तरी द्यायचं."

"आप्पा, फोटो आहे फोटो! अजून काय कळायचंय?"

पाचव्या दिवशी ती धुतलेले शर्ट बांधत होती. त्यांच्याकडे शर्ट कालपरवाच्या पेपरात गुंडाळतात. तिनं पेपर पसरला, वर शर्ट ठेवला, कडा दुमडली, आणि तिथंच थांबली. तोच फोटो, पण पानभर मोठा. टीव्हीत पट्ट्याच दिसायच्या. इथं पाठ दिसत होती, कॉलरच्या खाली, मधोमध. आणि तिथं एक तिकोनी ठिगळ.

पांढऱ्यावर पांढरंच, पण वेगळ्या ताग्यातलं, म्हणून जरा पिवळट. एक टोक लांब, कारण दोरा संपत आला होता आणि तिनं ताणून नेला होता.

ते ठिगळ तिचं होतं. आणि कोट कॅप्टनचा नव्हता. तो जहाजावरच्या बारवाल्याचा होता. कुणाच्या तरी सिगारेटनं पाठीला भोक पडलं म्हणून त्यानं तो दुरुस्तीला दिला होता. बारवाल्याच्या खांद्यावर एकच पट्टी असते. एकच.

शर्ट तसाच टाकून ती मागच्या फळीकडे गेली. तिथं चिंध्यांचा डबा असतो. जहाजाचे कपडे आले की खांद्यावरच्या पट्ट्या आधी काढायच्या, नाहीतर सोनेरी रंग काळा पडतो. प्रत्येकाच्या पट्ट्या वेगळ्या पुरचुंडीत, पुरचुंडीला आकड्याची चिंधी, वहीत त्या आकड्यापुढे नाव, कोटाच्या खुंटीवर तोच आकडा. जो गठ्ठा आधी येईल त्याचा आकडा आधी. धुऊन, इस्त्री होऊन कोट टांगले की आकडा बघून पट्ट्या परत चढवायच्या. आकडे इंग्रजी, त्यामुळे सहा उलटा धरला की नऊ, नऊ उलटा धरला की सहा. म्हणून या दोन चिंध्यांना आकड्याखाली लाल दोऱ्याचा टाका मारायचा. लाल खाली, म्हणजे आकडा सरळ. हा नियम तिनंच घातला होता. नवीन आलेल्यांना तीच दम देऊन शिकवायची.

वहीत बघितलं. कॅप्टन सहा. बारवाला नऊ.

डब्यात त्या फेरीच्या चिंध्या होत्या. दोन्हींवर नुसता आकडा. लाल टाका एकीलाही नाही.

तिला तो दिवस लख्ख आठवला. जहाज चारला सुटणार होतं, चाळीस कोट टांगलेले, पाठी भिंतीकडे. आणि आधी चिंध्या लावताना काय, मग पट्ट्या चढवताना काय, ती कॅप्टनची नक्कल करत होती. हात मागे, मान ताठ. सगळे हसून लोटपोट. हात चालू होते, लक्ष हसणाऱ्यांकडे होतं. चार पट्ट्या आपण कुठं चढवतोय हेही बघितलं नाही. वर पिशवीची चेन लावून मोकळी.

"दादा," ती घडीवाल्याला म्हणाली, "कॅप्टन होडीत नव्हता."

त्यानं चिंध्या बघितल्या, पेपर बघितला. मग दाराकडे बघितलं. "कुणाला बोललीस?"

"तुलाच."

"मग झालं. आता कुणाला नको."

पण तडतडीच्या पोटात काही राहतंय थोडंच! ती सरळ मालकाकडे गेली. मालकानं आधी पंखा बंद केला, जणू वाऱ्यानं आवाज बाहेर जाईल.

"बारवाला जिवंत आहे ना? त्याला तोंड आहे ना? तो बोलेल."

"कंपनीनं सगळ्यांना गप्प बसवलंय, चौकशी होईपर्यंत. टीव्हीतच सांगितलं."

"मग तू कशाला बोलतेस? जहाजांचं काम गेलं तर इथं उरलं काय? चार शर्ट आणि एक पडदा! हे तुझं एकटीचं नाही, बारा घरं आहेत. तूच म्हणतेस ना, आपली माणसं, आपली माणसं?"

तिथं ती अडकली. जगाशी भांडायला ती एका पायावर तयार, पण आपल्या माणसांच्या पोटावर पाय द्यायचा म्हणजे... ती मूग गिळून गप्प बसली. सहा दिवस. लाँड्रीत एवढी शांतता कुणी ऐकली नव्हती. वाफेचा फुस्स आवाज तेवढा. कुणी म्हणालं, "कर की नक्कल!" तर ती उठून पाणी प्यायला जायची. आप्पांनी विचारलं, "पोरी, दाढ दुखतेय का?" ती हो म्हणाली.

सातव्या दिवशी सकाळी कामाला न जाता ती बस धरून कॅप्टनच्या घरी गेली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. बघावं म्हणून.

साधंच घर. फाटकाला रंग फासलेला, एक काच फुटलेली. साठीच्या आसपासची बाई खराट्यानं पायरी झाडत होती. खराट्यापुढे बटणं घरंगळत होती, काळी, पांढरी, कोटाची मोठाली. ती गोळा करून पत्र्याच्या डब्यात टाकत होती. असे तीन डबे भिंतीशी भरून ठेवलेले.

तडतडी फाटकाशी उभी राहिली. बाईनं मान वर केली.

"तुम्ही त्या बटणवाल्या ना?"

"हो."

"फेकायला आलात? फेका. झाडून व्हायचंच आहे अजून."

तडतडीनं फाटकाची कडी धरली. मग जे आलं ते उलटंसुलटं. ठिगळ, चिंध्या, लाल टाका, सहा, नऊ. बाई खराट्यावर हात ठेवून ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "परत सांगा." तडतडीनं परत सांगितलं.

"म्हणजे तो पळाला नाही."

"होडीत तो नव्हता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "सहा दिवस झाले."

बाईनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तिनं तळहातानं दाबून दाबून बसवलं. "सहा दिवसांत दोन डबे भरले," ती म्हणाली. "परवा माझा मुलगा म्हणाला, आई, बाबा खरंच पळाले असतील का गं. स्वतःचा मुलगा. मी त्याला काय सांगू शकले? फोटो माझ्यापण डोळ्यांसमोर होता."

"माझं चुकलं, वहिनी."

"वहिनी म्हणू नका. आणि हे मला नका सांगू. बटणाचं जिथं सांगितलंत तिथं सांगा."

तडतडी तशीच वाहिनीच्या कचेरीत गेली. माइकवाली पोरगी ओळखीचं हसली, पण ठिगळाचं ऐकून तिचं हसू आटलं. "मावशी, हे फार गुंतागुंतीचं आहे. लोकांना नाही कळणार. तुमचं बटणाचं कसं, पटकन कळलं." मग तिथून चौकशीच्या कचेरीत. बाकावर दोन दिवस बसवलं. तिसऱ्या दिवशी एका साहेबानं चिंध्या, वही आणि पेपरातला तो फोटो कागदाच्या पाकिटात घातला, तिचा अंगठा नाही, सही घेतली. बारवाल्याला दवाखान्यात विचारलं. तो म्हणाला, दुपारची ड्युटी संपवून झोपलो होतो, धक्का बसला, थंडी होती, पिशवी फाडून हाताला लागला तो कोट घातला. ती होडी सांभाळायचं माझंच काम होतं. खांद्यावर काय आहे ते मला किनाऱ्यावर लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा कळलं. कंपनीच्या वकिलाला मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं.

कॅप्टन सापडला तो सतराव्या दिवशी, जहाजाच्या खालच्या जिन्यात, बुडालेला. वर आलेल्यांपैकी काही जणांना मग आठवलं, एक म्हातारा लोकांना वर ढकलत होता खरा. खांद्यावर काही नव्हतं, आम्हाला वाटलं कुणीतरी नोकर.

जहाज खडकाजवळून न्यायचा हुकूम त्याचाच होता. ते कागदावर राहिलं, आणि राहायलाच पाहिजे, एकतिसांची पंचेचाळीस झाली होती. पळाला, हे तेवढं खोडलं. टीव्हीनं ते अर्धा मिनिट सांगितलं. बटणं आणखी महिनाभर येत राहिली.

लाँड्रीचं जहाजांचं काम गेलं. मालकानं तिला काढलं, मग पाच जणांना. घडीवाला त्यातला एक. तो तिच्याशी बोलायचा बंद झाला, पण आप्पांची औषधं मात्र दर आठवड्याला दारात ठेवून जायचा, कडी न वाजवता. ती आता एका इस्पितळाच्या चादरी धुते. तिथं आकडे नसतात. तरी ती प्रत्येक गाठोड्याला लाल टाका मारते. बाकीच्या बाया हसतात. ती हसू देते.

एकच गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. पट्ट्यांची अदलाबदल झाली, तर कॅप्टनच्या खांद्यावर बारवाल्याची एक पट्टी हवी होती. तीही नव्हती. का?

ते वर्षानं कळलं. जहाजावर कॅप्टनची खोली आवरणारा माणूस इस्पितळात आपल्या बहिणीला बघायला आला होता. तिला ओळखून तो चादरींच्या ढिगाशी थांबला. त्या संध्याकाळी सातला कॅप्टननं पिशवी उघडली, तेव्हा हा तिथंच होता. एक पट्टी बघून दोघं हसले. हा म्हणाला, साहेब, तक्रार लिहितो, परत गेल्यावर लाँड्रीला जाब विचारतील. वहीत लिहायला सुरुवातही केली होती. कॅप्टननं वही मिटली.

"नको. मागं एका बटणापायी तिथल्या बाईला आठवडाभर घरी बसवलं म्हणे. मला फार उशिरा कळलं. आजचा दिवस पट्टीशिवाय जेवतो."

आणि ती एक पट्टी काढून, ज्याची त्याला द्यायची म्हणून, त्यानं खिशात ठेवली. बारवाल्याची खोली चार दारं सोडून होती.