पाय गेलाय, तोंड न्हाय

अक्कांबद्दलची गोष्ट अक्कांना सोडून दुसऱ्याला विचारलेली त्यांना खपायची नाही. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढल्यानंतर आम्ही पहिल्यांदा बाहेर पडलो ते मिसळ खायला. अक्का व्हीलचेअरमध्ये, मी मागं. वेटरनं टेबल पुसलं, अक्कांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आजींना काय देऊ? तिखट चालतंय का त्यांना?"

मी तोंड उघडायच्या आत अक्कांनी टेबलावर थाप मारली. पाण्याचे पेले हिंदकळले. "आजी हितं बसलीया. तिलाच इचार की! पाय गेलाय, तोंड न्हाय गेलं. आणि कोल्हापुरात मिसळीला तिखट चालतंय का म्हणून इचारतोस व्हय रं?"

शेजारच्या टेबलावरचे लोक हसले. वेटर ओशाळला. विषय संपला असं मला वाटलं. पण निघताना गल्ल्यावर बसलेल्या मालकानं आवाज बारीक करून मलाच विचारलं, "काय झालं हो यांना?"

त्या दिवसापासून मी हे बघत आले. माणूस चाकांवर बसला की लोकांच्या लेखी तो बहिरा होतो, थोडा येडाही होतो. बँकेतली बाई माझ्याकडं बघून म्हणायची, "यांना सही करता येते ना?" साडीच्या दुकानातला माणूस साडी माझ्या खांद्यावर टाकून म्हणायचा, "ह्यांच्यासाठी ना? मग फिक्कट दाखवतो." अक्का आयुष्यात कधी फिक्कट नेसल्या नव्हत्या. त्यांनी गर्द हिरवी इरकल घेतली आणि दुकानदाराला सांगितलं, "फिक्की तुझ्या दुकानाला लाव."

मी अक्कांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. खाली त्यांचं मिरची कांडप होतं. उन्हाळ्यात चटणीच्या दिवसांत आमची सगळी गल्ली शिंकत असायची. अक्कांचं माहेर निपाणीकडचं, घरात कानडी, बाहेर रांगडी मराठी. त्या मी आलो, मी गेलो असंच बोलायच्या, इथल्या कित्येक बायका बोलतात तसं. नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. माझ्यासकट गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या अक्का होत्या. चिडल्या की मराठीत बोलायच्या आणि घाबरल्या की कानडीत. घाबरलेल्या मात्र मी त्यांना फार क्वचित पाहिलं.

त्यांचा खरा जीव होता सहलींत. चटणीचा हंगाम संपला की गल्लीतल्या बायका गोळा करायच्या, जीप ठरवायची आणि निघायचं. नरसोबाची वाडी, पन्हाळा, जोतिबा, आंबोली. कुणाच्या सासूला पटवायचं, कुणाच्या नवऱ्याला दम द्यायचा, हे सगळं अक्का करायच्या. "बाईमाणसानं वर्षातनं एकदा तरी दुसऱ्याच्या हातचा चहा प्यावा," असं त्या म्हणायच्या. कधी माहेराखेरीज कुठं न गेलेल्या बायकांनी अक्कांमुळं धबधबा बघितला.

पाय गेला तो एका खिळ्यानं. मिरचीच्या पोत्याखालच्या फळीचा खिळा टाचेत गेला. साखरेचा आजार होता, जखम चिघळली, आणि हळद दाबून आठवडा काढल्यावर डॉक्टरांना दुसरा उपाय उरला नाही. दवाखान्यात अक्का रडल्या नाहीत. घरी आल्यावर एकदा मात्र मला जवळ बोलावून त्या रागानं म्हणाल्या, "पाय न्हाय, पर पायाला खाज सुटतीया. कुठं खाजवू, सांग." मग त्यांनीच तिथं, जिथं पाऊल असायला हवं होतं तिथं, चादरीवर नखं ओढली. "जरा बरं वाटलं," म्हणाल्या.

महिन्याभरात त्यांनी गवंडी बोलावला. व्हीलचेअर अडते म्हणून घराचा उंबरा काढायचा होता. चुलत दीर हातकणंगल्याहून तातडीनं आले. "वयनी, उंबरा काढत्यात व्हय? लक्ष्मी घराबाहेर जाईल."

"लक्ष्मी काय चाकाला भितीया व्हय?" अक्का म्हणाल्या. "दवाखान्यात मी पडलोतो तवा तुमी एकदा तरी आलासा? उंबऱ्याचा पुळका आलाय तुमास्नी!" उंबरा निघाला. न्हाणीघराचं दार रुंद झालं. खाली बसायचा संडास फोडून कमोड बसला. आपल्या घरात कुठंही एकटीनं जाता यायला लागलं तेव्हा अक्का सबंध दिवस नुसत्या या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या.

घर सरळ झालं. गाव सरळ होणार नव्हतं.

त्या वर्षी एके सकाळी गल्लीत जीपचा हॉर्न वाजला. मी वरून बघितलं. बायका नटूनथटून डबे घेऊन जीपमध्ये चढत होत्या. पन्हाळ्याला चालल्या होत्या. मला त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण मला सांगितलं असतं तर अक्कांना कळलं असतं. अक्का दारात येऊन थांबल्या होत्या. उंबरा नव्हता, त्यामुळं चाकं थेट रस्त्याच्या कडेपर्यंत आली होती. जीपमधली एकही बाई मान वर करेना.

शेवटी सुशीलावहिनी खाली उतरल्या. त्या अक्कांच्या सगळ्यांत जुन्या मैत्रीण, समोरच राहणाऱ्या. म्हणाल्या, "अक्का, तुमास्नी तरास नगं म्हणून…"

"मला इचारलं का?"

"तितं चढउतार हाय, तुमी कसं…"

"मी न्हाय म्हणालो असतो," अक्का म्हणाल्या. "पर माझं न्हाय मी म्हणायचं, का तुमी?"

अक्कांनीच ड्रायव्हरला हात केला, "ने रं. ऊन व्हायच्या आत पोचव." जीप गेली. मला बायकांचा संताप आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. दया म्हणून माणसाला वगळता येतं हे मी त्या सकाळी शिकले. वगळणाऱ्याला वर पुण्य केल्यासारखं वाटतं, ही त्यातली भयंकर गोष्ट.

पुढच्या सहलीला त्यांना घेतल्यावाचून बायकांची सुटका नव्हती. सुशीलावहिनी स्वतः येऊन विचारून गेल्या. जोतिबा ठरला. अक्कांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मी वरच गुलालाच्या दुकानापाशी बसतो, शिखराला हात जोडतो, चहा पितो. तुमी खाली देवळात जाऊन या. मला कुणी उचलायचं न्हाय." तिथं देवळाकडं पायऱ्या उतरून जावं लागतं. ते त्यांनी मनाशी कबूल केलं होतं, आणि तरीही त्या खूश होत्या. घाट चढताना जीपमध्ये त्यांनी सगळ्यांना बाकरवडी वाटली.

वर पोचलो. दुकानाशी व्हीलचेअर लावली. अक्का चहाची वाट बघत होत्या. इतक्यात तरुणांचं एक टोळकं आलं. त्यातला एक, चेहऱ्यावर गुलाल, म्हणाला, "काय आजी, दर्शन न्हाय घेतलं? चला, आमी नेतो!"

"नको बाबा. मी हितं बरा हाय."

"आसं कसं? देवाच्या दारात येऊन?" आणि बोलता बोलता त्यांनी खुर्चीला हात घातले. मी "थांबा, थांबा" ओरडले. सुशीलावहिनी म्हणाल्या, "नेतायत तर नेऊ देत की, दर्शन तरी हुईल." तोवर खुर्ची अधांतरी होती. अक्का ओरडायला लागल्या, "ब्याड! ब्याड! ब्याड!" कानडीत ब्याड म्हणजे नको. त्या घाबरल्या होत्या. पोरांना वाटलं असेल म्हातारी देवाचं नाव घेते, कारण पोरंच "चांगभलं" म्हणून गर्जली आणि लोकांनी त्यांना साथ दिली. खुर्ची कलली. अक्कांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते, त्यामुळं साडी आवरायला हात नव्हता. साडी मांडीपर्यंत सरकली, आणि दवाखान्यातल्या लोकांखेरीज कुणालाही अक्कांनी जे दाखवलं नव्हतं ते सगळ्या गर्दीनं बघितलं. एक जण पुढं उलटं चालत मोबाइलवर हे टिपत होता.

खाली देवळाच्या आवारात त्यांना ठेवून पोरं पाया पडली. देवाच्या नव्हे, अक्कांच्या. त्याचंही शूटिंग झालं. आणि मग ती निघून गेली. परत वर कोण नेणार हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

अक्का साडी पायाशी घट्ट धरून बसल्या होत्या. देवाकडं त्यांनी बघितलंही नाही. अखेर मी वर जाऊन गुलालाच्या दुकानदाराला गाठलं. तो आपल्या भावांना घेऊन खाली आला, अक्कांच्या समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अक्का, वर जायचं नव्हं? कुठं धरू, तुमी सांगा. दुखंल तितं थांबू." अक्कांनी पदर कमरेशी खोचला, साडीचा काठ मला पायाखाली दाबायला लावला आणि कुठं धरायचं ते एकेकाला सांगितलं.

तो व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या मोबाइलांवर आला. मागं बासरी, खाली अक्षरं, माणुसकी अजून जिवंत आहे. सुशीलावहिनींच्या सुनेनं हौसेनं तो अक्कांनाच दाखवला. "अक्का, तुमी फेमस!" अक्कांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि मला म्हणाल्या, "ह्याचं गाव काढ."

गाव निघालं हातकणंगले. शूटिंग करणाऱ्याचं तिथं मोबाइलचं दुकान होतं. आम्ही रिक्षानं गेलो, अक्का, मी आणि न बोलावता आलेल्या सुशीलावहिनी. दुकानाला पायऱ्या होत्याच. अक्कांनी रस्त्यावरूनच हाक मारली, "ए पावणं, भाईर या जरा."

तो आला. ओळखून हसला. "आजी! दर्शन घडलं का न्हाय? लय लाइक आल्यात बघा."

"मी नको म्हणालो हुतो. ऐकू आलं हुतं का?"

"आसं म्हणत्यातच की म्हातारी माणसं. संकोच आस्तोय."

"माझी उघडी मांडी गावाला दावलीस. तुझी आई आसती तर दावली आसतीस?"

त्याचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं, याला कळलं. तर तो खिशातून मोबाइल काढत म्हणाला, "चुकलं आजी. आपुन माफीचा एक व्हिडिओ करूया का? तुमी माझ्या डोक्यावर हात ठेवा."

अक्का काही बोलायच्या आत सुशीलावहिनींनी त्याचा मोबाइल हिसकावला. जन्मात कधी चारचौघांत आवाज न चढवलेली ती बाई भर रस्त्यात कडाडली, "आदी पूस ते! आत्ताच्या आत्ता पूस! न्हायतर ह्यो फोन गटारात!" त्यानं आमच्यासमोर व्हिडिओ पुसला. पण पुसून काय होतं? तोवर तो कुठल्या कुठं गेला होता. अजूनही अधूनमधून कुणीतरी हात जोडून तो पाठवतं, आणि मी अजूनही पाठवणाऱ्याशी भांडते. निम्मे लोक मलाच म्हणतात, चांगल्या कामात तुम्हाला वाईटच दिसतं.

परतताना रिक्षात वहिनी म्हणाल्या, "म्या त्यास्नी नेऊ दे म्हणालो." अक्का म्हणाल्या, "व्हय. म्हणालीस." एवढंच. क्षमा वगैरे काही केली नाही. पण त्या वर्षापासून सहली पुन्हा अक्काच ठरवायला लागल्या, आणि फोन लावून द्यायला वहिनी शेजारी बसायला लागल्या. "पायऱ्या हायत का? संडास कसला? दार किती रुंद? दार किती म्हणजे? उठ आणि मोज की!" महाराष्ट्रातल्या बऱ्याच लॉजवाल्यांनी आपली दारं पहिल्यांदा अक्कांमुळं मोजली असतील. बहुतेक जण फोन ठेवून द्यायचे. अक्का पुन्हा लावायच्या.

अक्का गेल्या त्या अचानक, दुपारी जेवून आडव्या झाल्या असताना. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवलं होतं, विभूती लावून, गर्द हिरव्या साडीत. लोक येत होते, हार घालत होते आणि एकेक जण तेच म्हणत होता. "सुटली बिचारी." चुलत दीर म्हणाले, बँकेतल्या बाई म्हणाल्या, पन्हाळ्याच्या जीपमधल्या बायका म्हणाल्या. सुटली. कशातून सुटली?

सुशीलावहिनी अक्कांच्या पायाशी साडी नीट करत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "सुटली म्हणू नका कुणी," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ती काय अडकली नव्हती. पुढल्या आयतवारी तिला गणपतीपुळ्याला जायचं हुतं. गाडी ठरलीया. तिला समुद्र बघायचा हुता." मग त्या पुन्हा खाली बसून साडी नीट करायला लागल्या.

गाडी आम्ही रद्द केली नाही. त्या रविवारी संध्याकाळी लॉजवर पोचलो तर मालक दारातच उभा होता, आमच्यात कुणाला तरी शोधत. दाराच्या पायऱ्यांवर त्यानं नव्या फळ्या ठोकून उतार केला होता. रंधा मारलेल्या, कडा घासलेल्या. "त्या रोज फोन करून शिव्या द्यायच्या," तो म्हणाला. "कुठं आहेत?"

फळ्यांच्या बाजूला चालायला पायऱ्या मोकळ्या होत्या. सुशीलावहिनींनी आपली पिशवी उचलली आणि त्या फळ्यांवरून आत गेल्या. त्यांच्यामागून आम्ही सगळ्या.