उसाच्या वाटेवरची स्तुती

आमच्याकडे देवाची स्तुती मोठ्याने करायची असते. त्याचं अर्धं कारण देव आणि अर्धं बिबट्या.

राजुरीच्या बाहेर, उसाच्या पट्ट्यात आमची वस्ती आहे. बुधवारची बायकांची प्रार्थना सुटते तेव्हा दिवस कलायला लागलेला असतो, आणि घराच्या वाटेला दोन्ही अंगांनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. माणसाची चाहूल लागली की बिबट्या बाजूला होतो, असं वनखात्याची माणसं सांगून गेली. तेव्हापासून कुणी मोबाइलवर गाणी लावून चालतं, कुणी बरोबरच्या पोरांवर उगाचच खेकसत चालतं. आम्ही ख्रिस्ती घरं इनमीन चार. आम्ही टाळ्या वाजवत स्तुतीची गाणी म्हणतो. वस्तीला त्याची इतकी सवय झालीय की उसातून गाणं आलं की चुलीपुढची बाईसुद्धा ओळखते, प्रार्थना सुटली, सगळं ठीक आहे.

त्यातली बरीचशी गाणी माझ्या नवऱ्याची. सकाळी डेअरीवर दूध मोजायचं आणि रविवारी देवळात पेटी वाजवायची, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, जुन्या लोकांची सवय. त्यांच्या आईची दळताना म्हणायची एक चाल होती, त्यावर त्यांनी साधं गाणं बसवलं होतं: ‘ऊठ रे जिवा, स्तुती कर, दिवस उजाडला.’ त्यातला ‘उजाडला’ ते इतका लांबवायचे की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायका तेवढ्यात खोकून घ्यायच्या.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळतं सगळं, डोळ्यांत दिसतं तसं. पण तोंडातून शब्द येतो एकच, ‘बरं.’ पाणी देऊ? बरं. पाय दुखतो? बरं. अहो, माझ्यावर चिडलात का? बरं. पहिले काही दिवस मला त्यात गोडवा वाटला. मग तो शब्द ऐकला की माझं डोकं उठायला लागलं.

मला फार काही नको होतं. त्यांनी आपल्या मनातलं काहीतरी, एवढंसं का होईना, मला म्हणावं. चांगलंच म्हणावं असंही नाही, शिवी हासडली असती तरी मी पेढे वाटले असते.

मुलगा भोसरीला कंपनीत, सून तिथेच. ते फोन करतात, जमेल तेव्हा येतात, त्यांना तरी काय बोलणार. राहिले मी आणि दोन म्हशी. नवऱ्याला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, हाताचा व्यायाम घ्यायचा, मग शेण, धार, वैरण, आणि परत त्यांना कुशीवर वळवायचं. रात्री अंथरुणावर पडलं की अंग माझं राहत नसे.

अशात एकदा आमच्या देवळाचे पाळकसाहेब आले. पोरसवदा माणूस, मनाने चांगला. म्हणाले, ‘‘बाई, सर्व परिस्थितीत स्तुती करा. स्तुतीत फार सामर्थ्य आहे.’’

मी म्हटलं, ‘‘पाळकसाहेब, तुम्ही जरा यांना कुशीवर वळवता का? तोवर मी स्तुती करते.’’

बिचाऱ्यांनी बाह्या वर सारून खरंच वळवलं. खालची चादरही नीट ओढली. मी भिंतीला टेकून उभी राहिले, डोळे मिटले, पण मला काही स्तुती आली नाही. दुपारची धार काढायची राहिलीय, एवढंच आठवलं.

बुधवारी उसातून जाताना मात्र गात होते. ते बिबट्यासाठी होतं, आणि देवालाही ते ठाऊक असणार.

मग गेला हिवाळा आला. शेजारच्या रानात तोड सुरू झाली. ऊस तुटायला लागला की त्यातलं जनावर शेजारच्या उसात सरकतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी मला आळेफाट्याला औषधं आणायला जाणं भाग होतं. त्यांना पडवीत खाटेवर टेकून बसवलं आणि पलीकडच्या वस्तीवरच्या मेंढरंवाल्या मावशीला सांगून गेले, जरा कान ठेव गं. येताना गाडी मिळायला उशीर झाला. राजुरीच्या फाट्यावर उतरले तेव्हा सूर्य बुडाला होता. बॅटरी लावली आणि एकटीच गात निघाले, गाणं कसलं, नुसता आरडाओरडा. मध्येच दम लागला म्हणून थांबले, तर गाणं थांबलं नाही.

आमच्या घराकडून आवाज येत होता. पुरुषाचा आवाज, आणि सगळे शब्द. मला वाटलं कुणी मोबाइल लावलाय. तेवढ्यात ‘उजाडला’ आला, लांबच्या लांब, आणि मी पिशवीसकट पळत सुटले.

ते खाटेवर तसेच बसलेले, डाव्या हाताने खाटेची कड घट्ट धरलेली, थंडीतही कपाळावर घाम. आमचं कुत्रं त्यांच्या मांडीशी चिकटून लटलट कापत होतं. आणि ते उसाकडे बघत गात होते, एक अक्षर न चुकता. मी तिकडे बॅटरी मारली. हौदाच्या कडेला दोन डोळे चमकले, वळले आणि उसात गेले.

मी त्यांचे दोन्ही खांदे धरले. ‘‘अहो, बोलता येतंय तुम्हाला! बोला ना माझ्याशी.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या. म्हणाले, ‘‘बरं.’’

तेवढ्यात मावशी काठी टेकत आली. ‘‘मी मघाधरनं ऐकत व्हते, बाई. म्हणलं तुमच्यात पावणं आल्यात, प्रार्थना चाललीये. किती ग्वाड आवाज! नायतर आले नसते का पळत?’’

मावशीला काय दोष द्यायचा? इथं गाणं म्हणजे सगळं ठीक. त्या माणसाने जिवाच्या आकांताने, जवळ होते तेवढ्या शब्दांनी हाक मारली, आणि सगळी वस्ती कौतुकाने ऐकत बसली.

रविवारी त्यांना खुर्चीत घालून देवळात नेलं. पाळकसाहेबांनी चाल धरून दिली आणि ते गायले. बायका रडल्या, पुरुषांनी हात वर केले, हालेलुयाने पत्रे दणाणले. मग सगळे माझ्याकडे वळले. अशा वेळी घरच्याने उभं राहून साक्ष द्यायची असते, प्रभूने काय केलं ते सांगायचं असतं. मी उभी राहिले, ‘प्रभूची स्तुती असो’ म्हटलं आणि बसले. लोकांना वाटलं, बाईचा गळा भरून आला.

माझा गळा ठणठणीत होता. मला देवाचा हेवा वाटत होता. त्याच्यासाठी अख्खं गाणं, तीन कडव्यांसकट, आणि मी त्यांचं हगणं-मुतणं काढणारी, माझ्या वाट्याला ‘बरं’. इतका हेवा मला कधी कुठल्या बाईचा वाटला नव्हता.

नारायणगावच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, होतं असं कधी कधी, बोलणं मेंदूच्या एका अंगाला असतं आणि गाणं बरंचसं दुसऱ्या. हे पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरला. मी म्हटलं, ‘‘साहेब, दुसऱ्या अंगाला ते ठेवलं कुणी?’’ तेव्हा हसले. डॉक्टरांनी एक सुचवलं होतं, त्याच चालीत लहान लहान शब्द घालून बघा. पाणी, चहा, दुखतंय, असे.

मी घरी येऊन बसले गायला. ‘पाणी हवं, चहा हवा’, त्या चालीत. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. रोज तेच. त्यांना जमत नव्हतं असं नाही, पटत नव्हतं. ज्या चालीत जन्मभर देवाला आळवलं, तिच्यात चहा मागायचा? आयुष्यभर पेटीवर दुसरी वस्तू ठेवू न देणारा माणूस. शेवटी मीच नाद सोडला. म्हटलं, जाऊ दे, देवाचं देवाला.

परवा दुपारची गोष्ट. पाण्याची मोटार जळाल्यामुळे सकाळपासून लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होते. म्हशींचं झालं, धुणं झालं, त्यांचं जेवण झालं. मग त्यांच्या हाताचा व्यायाम घ्यायला खाटेशी जमिनीवर बसले. बोटं एकेक करून उघडायची आणि मिटायची. करता करता माझं डोकं खाटेच्या कडेला कधी टेकलं, कळलंच नाही.

जाग आली ती त्यांच्या आवाजाने. चाल तीच, पण अगदी हळू, अडखळत, एक शब्द सापडेपर्यंत सूर नुसता धरून ठेवलेला. मला वाटलं, स्तुती चाललीय. मग शब्द कानात शिरले.

‘दमलीस गं... दमलीस गं... नीज जरा...’

डोळे उघडले तर लाजून थांबतील, म्हणून मी तशीच पडून राहिले. त्यांचा डावा हात माझ्या केसांवर होता. दोनदा, तीनदा तेवढंच म्हणून झालं आणि ते थांबले. पुढे त्यांना नवे शब्द सापडेनात. त्या चालीची पुढची ओळ स्तुतीची आहे. माझा गळा आता खरंच भरून आला होता. तरी ती ओळ मी म्हटली, डोळे मिटूनच, आणि या खेपेला ती देवासाठी म्हटली.